कपाळावर आलेली बट

भाचीचा प्रश्न तसा साधा होता. आम्ही 'अवतार' ही कार्टून मालिका बघत होतो आणि अझूला-झुको या राजघराण्यातल्या बहीणभावांची शेवटची लढाई संपली होती. निळ्या आणि नारिंगी ज्वाळांनी मघापर्यंत धगधगणारं राजवाड्याचं आवार एकदम शांत झालं होतं आणि जमिनीतल्या लोखंडी जाळीला साखळीनं बांधलेली अझूला तिथंच पडून रडत होती. आधी किंचाळली, साखळीला हिसडे दिले, तोंडातून निळ्या आगीचे लोळ सोडले, ते कुणालाच लागले नाहीत, आणि मग नुसती हमसून हमसून रडत राहिली. जरा अंतरावर तिचा भाऊ झुको आणि त्याच्या बाजूनं लढलेली कटारा उभे होते. दोघंही बघत होते. कुणी पुढं गेलं नाही, कुणी पाठही फिरवली नाही. इतका वेळ "मार तिला, मार" म्हणून ओरडणारी माझी भाची गप्प झाली आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "मावशी, आता हिला घ्यायला कोण येणार?"

मी काही बोलायच्या आत दृश्य बदललं. तिकडं मालिकेचा नायक आंग आणि फायर नेशनचा राजा, म्हणजे अझूलाचा बाप ओझाई यांची लढाई जुंपली होती, धूमकेतूनं आकाश लालभडक झालं होतं, आणि भाची उशीला मिठी मारून त्यात रमून गेली. प्रश्न मात्र माझ्याकडंच राहिला.

'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही मालिका २००५ ते २००८ या काळात आली, तीन पर्वांत ६१ भाग झाले. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांच्यापैकी बहुतेकांना अजूनही विचारलं तर ते झुकोबद्दल भरभरून बोलतात. मीही बोलते. डाव्या डोळ्यावरचा तो भाजल्याचा व्रण, घशात अडकल्यासारखा डान्टे बास्कोचा आवाज, 'माझी इज्जत मला परत मिळवायची आहे' हा धोशा, आणि त्या धोशाखाली दडलेलं बापानं टाकून दिलेलं पोर. खलनायक म्हणून जहाजावरून उतरलेला हा मुलगा शेवटी नायकांच्या तळाशी येऊन दबकत "हॅलो, झुको इथं" असं म्हणतो, तेव्हा आपण त्याच्या बाजूनं किती घाबरलेलो असतो! बरा झालेला, सुधारलेला खलनायक कसा लिहावा हे शिकायचं तर झुकोकडून शिकावं, यात मला शंका नाही. पण भाचीच्या प्रश्नानंतर मी मालिका पुन्हा पाहायला घेतली ती झुकोसाठी नाही. या वेळी मी फक्त अझूलाच्या मागं मागं गेले. जिथं तिची चौकट सुरू होते तिथं थांबायचं, ती जिथं बघते तिथं बघायचं, असं.

आणि पहिल्यांदा दिसली ती तिची बट. दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला अझूला जहाजाच्या डेकवर वीज सोडण्याचा सराव करत असते. हे सोपं काम नाही. मन पूर्ण थंड असल्याशिवाय वीज हातातून निघत नाही, हे मालिका आपल्याला पुढं सांगते. ती हात फिरवते, बोटांच्या टोकांवर निळसर ठिणग्या जमतात, वीज सुटते. बघणाऱ्या दोन म्हाताऱ्या जुळ्या बहिणी म्हणतात की जवळजवळ अचूक झालं, फक्त एक केस जागचा हलला. अझूलाच्या कपाळावर खरंच एक बारीकशी बट आलेली असते. जवळजवळ वगैरे मला चालत नाही, अशा अर्थाचं काहीतरी ती चिडून बोलते आणि पुन्हा पवित्रा घेते. चौदा वर्षांची मुलगी. हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, कारण दृश्य तशाच हेतूनं बेतलेलं आहे: बघा, आता किती भयंकर शत्रू येतोय. या वेळी तो काटा आला नाही. या वेळी मला त्या म्हाताऱ्यांचा राग आला. एवढ्या कडाडत्या विजेतून ज्यांना एक केस दिसतो, त्यांच्यात या मुलीचं बालपण गेलं असणार.

त्याच भागात ती जहाजाच्या कप्तानाला विचारते की हे जहाज तू चालवतोस की भरती-ओहोटी चालवते? भरतीची वेळ जुळत नाही म्हणून बंदरात शिरायला उशीर होईल, एवढंच तो बिचारा म्हणालेला असतो. तिचा आवाज चढत नाही. ग्रे डिलायल यांनी अझूलाला दिलेला आवाज मखमली आहे, आणि तिच्या धमक्या त्या मखमलीतून येतात. आरडाओरडा झुको करतो. तो हरतो, आदळआपट करतो, पुन्हा उठतो, पुन्हा हरतो. त्याची सगळी माणुसकी त्याच्या हरण्यात आहे. अझूलाला हरायची सोय कुणी ठेवलेली नव्हती.

घराकडं वळलं की गोष्ट आणखी अवघड होते. 'झुको अलोन' हा भाग मालिकेतल्या सर्वोत्तम भागांपैकी एक. उपाशी, एकटा झुको शत्रूच्या मुलखात घोड्यासारख्या एका पक्ष्यावर बसून भटकतोय आणि मधूनमधून त्याला बालपण आठवतंय. तळ्याकाठी आई आणि तो. तळ्यात कासव-बदकं. तो आईला म्हणतो, अझूला यांना कसं खायला घालते दाखवू? आणि अख्खा पाव पिल्लाच्या अंगावर भिरकावतो. पिल्लाची आई येऊन त्याच्या पायाला कडकडून चावते. त्याची आई, उर्सा, हसून त्याला जवळ घेते आणि म्हणते की आया अशाच असतात, त्यांच्या लेकरांना त्रास दिलात तर त्या चावणारच. किती गोड दृश्य आहे! आणि त्यात अझूला फक्त एका वाईट खोडीच्या रूपानं हजर आहे. काठावर बसलेल्या त्या दोघांमध्ये तिसऱ्याला जागा नाही. पुढं त्याच भागात, मुलीचं काहीतरी विखारी बोलणं ऐकून आई स्वतःशीच पुटपुटते की या पोरीचं काय बिघडलंय कोण जाणे. मुलगी तेवढ्यात खोलीबाहेर गेलेली असते. पण आईच्या मनात असं काही येत असलं, तर ते न ऐकताही मुलांना कळतंच.

हे सगळं झुकोला आठवतंय, हे मात्र मी आतापर्यंत लक्षात घेतलं नव्हतं. अझूलाचं बालपण आपल्याला जेवढं दिसतं, तेवढं जवळजवळ सगळं झुकोच्या आठवणीतून दिसतं. बापानं द्वंद्वात त्याचा डोळा भाजला ती गोष्ट त्यांचा काका आयरो सांगतो. त्या द्वंद्वाच्या प्रसंगी गर्दीत एक लहान मुलगी मूठ आवळून हसताना दिसते, ती अझूला. अकरा वर्षांची असेल. भावाचा चेहरा भाजला जात असताना ती हसली, हे अक्षम्य आहे, मान्य. पण त्या दिवशी त्या गर्दीत जिच्याकडं वळून कुणी 'तू डोळे मीट बाळ' म्हटलं असतं, ती आई तोवर घर सोडून गेली होती. आणि ज्या काकानं त्या क्षणी मान फिरवली, त्यानं ती पुतण्याच्या दुःखानं फिरवली. पुतणी त्याला दिसलीच नसावी.

झुको लहानपणापासून एक वाक्य मंत्रासारखं म्हणतो: अझूला नेहमी खोटं बोलते. अंधारात, अंथरुणात, स्वतःला धीर द्यायला तो ते घोकतो. आई निघून गेली त्या रात्री अझूला त्याच्या खोलीच्या दारात येऊन गाणं म्हटल्यासारखं सांगते की बाबा तुला मारून टाकणार आहेत. आजोबांनी तसा हुकूम दिलाय. ती हे मजा म्हणून सांगते, त्याच्या घाबरण्याची चव घेत सांगते. सगळं खरं. पण ती खोटं बोलत नव्हती! आजोबांनी खरोखरच तसं फर्मावलं होतं, हे तिसऱ्या पर्वात ओझाई स्वतः कबूल करतो. पडद्यामागं लपून तिनं ऐकलं आणि जसंच्या तसं सांगितलं. म्हणजे मुलाला मारण्याच्या गोष्टी ज्या घरात मोठी माणसं बोलतात, त्या घरातलं एक मूल त्या ऐकून वाचवलं गेलं आणि दुसरं मूल त्या ऐकून मागं उरलं. सकाळी आई नाही. भावाला निदान एवढं माहीत आहे की आईनं रात्री येऊन त्याला मिठी मारली, निरोप घेतला. बहिणीच्या खोलीत ती गेली होती का, ते मालिकेत कुठंच दाखवलेलं नाही.

आता आयरोकडं यायलाच हवं, आणि हे लिहिताना हात जड होतो. या मालिकेतला माझा सगळ्यात लाडका माणूस आयरो आहे. चहा, गाणी, ढेरी, आणि त्या ढेरीमागं लपवलेली सेनापतीची नजर. 'टेल्स ऑफ बा सिंग से' या भागातला त्याचा छोटासा किस्सा ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. दिवसभर तो परक्या शहरात लोकांना मदत करत हिंडतो. रडणाऱ्या मुलाला गाणं म्हणून शांत करतो, लुटायला आलेल्या चोराला उभं कसं राहावं ते शिकवतो आणि वर त्याच्याशी गप्पा मारतो. संध्याकाळी टेकडीवरच्या झाडाखाली तो मेलेल्या मुलाची तसबीर मांडतो, उदबत्ती लावतो आणि तेच गाणं पुन्हा म्हणतो, या वेळी आवाज फुटतो. तुला मदत करता आली असती तर, एवढंच तो म्हणतो. त्याचा आवाज झालेले अभिनेते माको २१ जुलै २००६ रोजी वारले आणि तो भाग त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये प्रसारित झाला, त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेला. ते गाणं ऐकताना आजही माझा गळा दाटतो, कितीही वेळा ऐकलं तरी.

पण हाच आयरो त्याच शहराला ६०० दिवस वेढा घालून बसला होता. 'झुको अलोन'मध्ये त्याचं आघाडीवरून आलेलं पत्र उर्सा मुलांना वाचून दाखवते. शहर फार देखणं आहे, तुम्हीही कधीतरी बघाल, अर्थात आम्ही त्याआधी ते जाळून टाकलं नाही तर, असा विनोद त्यात आहे आणि तो वाचून आईसकट सगळे खळखळून हसतात. हा क्षण मालिकेनं किती सहज टाकलाय! त्या हसण्यात झुकोही आहे. दुष्टपणा त्या घरात कुणा एका मुलीच्या अंगात शिरलेलं भूत नव्हता. तो टपालातून यायचा, जेवताना वाढला जायचा, शाळेत शिकवला जायचा. 'द हेडबँड' या भागात फायर नेशनच्या शाळेतल्या मुलांना शिकवलं जातं की हवेच्या लोकांच्या, म्हणजे आंगच्या जमातीच्या, सैन्याला त्यांनी हरवलं. वर्गात वेष बदलून बसलेला आंग भाबडेपणानं सांगतो की हवेच्या लोकांकडं सैन्यच नव्हतं. सगळा वर्ग त्याच्याकडं बघत राहतो.

त्या पत्रासोबत आयरोनं मुलांना भेटी पाठवल्या. झुकोला शरण आलेल्या सेनापतीचा खंजीर, ज्याच्यावर न लढता हार मानू नकोस असं कोरलंय. अझूलाला एक बाहुली, ज्याच्याशी युद्ध चाललंय त्या अर्थ किंगडमच्या मुली घालतात तसल्या नव्या फॅशनच्या कपड्यांतली. अझूला बाहुलीकडं बघते, तोंड वाकडं करते आणि पुढं तिला जाळून टाकते. पहिल्यांदा पाहताना आपण म्हणतो, बघा, लहानपणापासूनच कशी आहे. पण ती मुलगी तेव्हाच भावापेक्षा कितीतरी पुढं गेलेली योद्धा होती, घरात सगळ्यांना ते माहीत होतं, आणि जो काका पुढं जाऊन जगातल्या प्रत्येक परक्या पोराच्या मनातलं ओळखणार आहे, त्याला आपल्या पुतणीला काय द्यावं ते कळलं नाही. खंजीर झुको पुढं अनेक वर्षं जपतो. तो खंजीर तिला दिला असता तर सगळं बदललं असतं असं मला म्हणायचं नाही. गोष्टी इतक्या सोप्या नसतात. मला फक्त एवढं दिसतं की एका मुलाला ओळखून भेट आली आणि दुसऱ्या मुलाला वयाकडं आणि फ्रॉककडं बघून आली.

तिसऱ्या पर्वात तुरुंगात असलेला आयरो झुकोला त्याच्या रक्ताचं रहस्य सांगतो. युद्ध सुरू करणारा सोझिन हा त्याच्या वडिलांकडून पणजोबा. आणि आंगच्या आधीचा अवतार, म्हणजे जगाचा रक्षक, असलेल्या ज्या रोकूला सोझिननं धुमसत्या ज्वालामुखीवर मरायला सोडलं, तो आईकडून पणजोबा. एके काळचे जिवलग मित्र, एकाच दिवशी जन्मलेले. आयरो म्हणतो, चांगलं आणि वाईट तुझ्यात कायम झगडत राहणार, तोच तुझा वारसा आहे. आणि फायर नेशननं केलेली पापं धुऊन काढायचं काम तूच करू शकतोस. मग तो त्याला युवराजानं घालायचा केसांतला जुना मुकुट देतो. झुको तो हातात घेऊन बघतो, आणि तिथून त्याची वाट बदलते. किती सुंदर लिहिलंय हे. वाईटाचा वारस असलेल्या मुलाला कुणीतरी सांगतं की तू चांगल्याचाही वारस आहेस.

तेच पणजोबा अझूलाचेही होते.

हे तिला कुणी सांगितलं नाही. तीच आई, तोच बाप, तेच दोन पणजोबा, आणि निवडायला एकच वारसा समोर ठेवलेला. उलट दुसऱ्या पर्वात, झुको बहिणीबद्दल बोलताना गृहीत धरतो की काका आता समजुतीनं घ्यायला सांगेल, तेव्हा आयरो ताडकन म्हणतो की छे, ती वेडी आहे आणि तिला पाडलंच पाहिजे. बघणारे इथं हसतात, मीही हसले होते. त्याच्या बाजूनं बोलायचं तर नुकतीच तिनं त्याला छातीवर आगीचा तडाखा देऊन जवळजवळ ठार केलेलं असतं. जखम अजून बांधलेली आहे. त्याचा राग समजतो. तरी जेव्हा तो माणूस या मुलीबद्दल निकाल देऊन मोकळा होतो, तेव्हा माझ्या मनातला त्याचा फोटो थोडा हलतो.

मी तिची वकिली करतेय असं वाटेल, म्हणून तिनं काय केलं ते स्पष्ट म्हणते. बा सिंग से जिंकताना तिनं आंगच्या पाठीत वीज घातली आणि तो मेलाच होता. ज्या मैत्रिणींवाचून तिचं पान हलत नव्हतं त्यांना ती धाकानं बांधून ठेवायची. टाय ली सर्कस सोडून यायला तयार नव्हती, तर हिनं तिच्या खेळाखालच्या जाळीला आग लावली. आणि सगळ्यात भयंकर गोष्ट फायर नेशनच्या युद्धबैठकीत. ओझाई झुकोला विचारतो की तू अर्थ किंगडमच्या लोकांत राहून आलास, ते बंड करायचं थांबवतील का? झुको खरं ते सांगतो: आशा असेपर्यंत ते काहीही सोसतील. आणि अझूला म्हणते, मग त्यांची ती आशा आणि सगळी जमीनच जाळून टाका. बाप खूश होतो. तोच बेत ठरतो.

इथंच मी पुन्हा थांबले. कारण काही वर्षांपूर्वी अशाच एका युद्धबैठकीत या घरातलं दुसरं एक मूल बोललं होतं. नव्या भरतीच्या पोरांना, त्या ४१व्या तुकडीला, आमिष म्हणून मरायला पाठवायचा एका सेनापतीचा बेत होता, आणि तेरा वर्षांचा झुको उठून म्हणाला होता की आपल्याच लोकांचा असा विश्वासघात कसा करता? त्याला शिक्षा म्हणून बापानं त्याचा चेहरा जाळला आणि देशाबाहेर काढलं. अझूला तो सगळा प्रकार बघत होती. त्या घरात काय बोललं की काय मिळतं, याचा याहून स्पष्ट धडा कुणाला मिळणार? एका मुलानं सैनिकांच्या जिवासाठी तोंड उघडलं, त्याचा डोळा गेला-गेला म्हणता वाचला. दुसरीनं एक अख्खा मुलूख जाळायचा सल्ला दिला आणि तिला सिंहासन मिळालं. त्या दुसऱ्या बैठकीत झुकोही बापाच्या उजव्या हाताला बसलेला होता आणि गप्प राहिला, हे तो पुढं स्वतःच शरमेनं कबूल करतो. नायक आणि खलनायिका त्या दिवशी एकाच टेबलाशी बसले होते.

ओझाईबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. दोन पर्वं त्याचा चेहरा सावलीत आणि ज्वाळांआड ठेवला होता. तिसऱ्यात दिसतो तेव्हा तो एक देखणा, धिप्पाड, आतून पोकळ माणूस निघतो. त्याच्याकडं गोष्ट नाही आणि ते बरोबरच आहे. मला छळतात ते मधले. जेट, ज्याच्या आईबापांना फायर नेशनच्या सैनिकांनी मारलं आणि जो त्याचा सूड म्हणून धरण फोडून अख्खं गाव, म्हाताऱ्या-पोरांसकट, बुडवायला निघाला. हामा, दक्षिणेकडच्या जलजमातीची, जिला वर्षानुवर्षं कोरड्या पिंजऱ्यात ठेवलं, जिनं पिंजऱ्यातल्या उंदरांवर प्रयोग करत रक्त वळवायची विद्या शिकून घेतली, पळाली, आणि मग पौर्णिमेच्या रात्री निरपराध गावकऱ्यांना डोंगराखालच्या अंधारात साखळीनं बांधू लागली. तिला थांबवायला कटाराला तीच विद्या वापरावी लागते. हामा पकडली जाते तरी समाधानानं हसते, कारण विद्या पुढं गेली. आणि कटारा, मालिकेतली सगळ्यात मायाळू मुलगी, तोंड झाकून रडते. लहान मुलांसाठी म्हणून केलेल्या मालिकेत हे होतं. जखमी माणूस चांगलाच असतो, असलं काही ती आपल्याला कुठंच सांगत नाही.

आणि हात पुढं करणं काय असतं, हेही मालिकेला पुरेपूर माहीत आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटी समुद्राचा आत्मा फायर नेशनच्या झाओ या आरमारी सेनापतीला ओढून नेत असतो. या झाओनं झुकोला जिवंत जाळायचा प्रयत्न केलेला, त्याचं जहाज उडवलेलं. तरी झुको कठड्यावरून वाकतो आणि हात देतो. झाओ त्या हाताकडं बघतो, आपला हात पुढं आणतो आणि मागं घेतो. बुडतो. झुको तेव्हा 'चांगला' झालेला नाही, त्याला अजून दोन पर्वं जायची आहेत. पण तो हात आपोआप पुढं गेला. 

'द बीच' या भागात चार तरुण मुलं रात्री समुद्रकिनारी शेकोटीभोवती बसतात आणि आपापल्या घरांबद्दल बोलतात. अझूलाची मैत्रीण माय सांगते की गप्प बसण्याचं बक्षीस मिळायचं. टाय ली सांगते की अगदी आपल्यासारख्याच दिसणाऱ्या बहिणींत तिला स्वतःचं नावही हरवल्यासारखं वाटायचं. झुको ओरडतो की मला माझाच राग येतो. अझूला टाळ्या वाजवते. मग ती म्हणते की आपल्या आईला आपण राक्षस वाटायचो. तिचं बरोबरच होतं, पण लागायचं लागलंच. हे ती इतक्या हलक्या आवाजात, खांदे उडवून बोलते की बाकीचे तिघं पुढच्या विषयावर जातात. इतर तिघांच्या बोलण्यावर भांडणं झाली, मिठ्या झाल्या. तिच्या बोलण्यावर काहीच झालं नाही. त्या संध्याकाळी थोड्या वेळापूर्वी जुन्या, बंद घराच्या पायऱ्यांवर एकट्या बसलेल्या झुकोला शोधत तीच आली होती. तू इथंच असशील असं वाटलं, चल किनाऱ्यावर, असं म्हणायला. त्या दृश्यात तिच्या आवाजात डाव नाही. मी ते दोनदा मागं नेऊन पाहिलं.

मग कोसळणं येतं. बॉयलिंग रॉक या तुरुंगात माय तिच्या तोंडावर सांगते की तुझ्या भीतीपेक्षा झुकोवरचं माझं प्रेम जास्त आहे, आणि टाय ली तिला बोटांनी लुळी पाडते. बाप तिला बरोबर न्यायचं वचन मोडतो, आणि ती कळवळून म्हणते की मला असं वागवू नका, मला झुकोसारखं वागवू नका. म्हणजे टाकून दिल्यावर काय होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. आयुष्यभर तेच टाळण्यासाठी ती अचूक राहिली होती. राज्याभिषेकाच्या दिवशी चेरीत एक बी राहिली म्हणून ती दासीला हद्दपार करते, मग रक्षकांना, मग त्या म्हाताऱ्या बहिणींपैकी एकीला. कुणी सोडून जायच्या आत आपणच सगळ्यांना घालवायचं. राजवाडा रिकामा होतो. आरशासमोर तिचे केस ऐकत नाहीत. ती कात्री घेते आणि कपाळावरच्या बटा वेड्यावाकड्या कापून टाकते. डेकवर एक केस हलला होता, त्या मुलीची ही अवस्था. आणि तेव्हा आरशात आई दिसते. आई म्हणते की माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि अझूला ब्रश फेकून आरसा फोडते.

त्यानंतरच्या लढाईला जेरेमी झुकरमन यांनी जे संगीत दिलंय ते लढाईचं नाहीच. आगीचे आवाज मागं सारलेत आणि वर संथ, रडवेली तंतुवाद्यं आहेत. कोरियातल्या चित्रकारांनी ती निळी आणि नारिंगी आग इतक्या मायेनं रंगवली आहे की कोण जिंकतंय याकडं लक्षच राहत नाही. अझूलाच्या तिरक्या कापलेल्या बटा वाऱ्यावर उडतात, ती हसते आणि ते हसणं फाटलेलं असतं. गोष्टीतल्या माणसांनी जिला सोडलं, तिला ही गोष्ट करणाऱ्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही, हे त्या पाच-सात मिनिटांत मला नीट जाणवतं. भाचीला तो प्रश्न पडला तो त्यांच्यामुळंच. साधी दुष्ट बाई असती तर लेकरानं टाळ्या पिटल्या असत्या.

पुढं २०१३ मध्ये आलेल्या 'द सर्च' या कॉमिक्समध्ये झुको बहिणीला बरोबर घेऊन आईच्या शोधात निघतो, हे मी वाचलंय. ते आवडलंही. पण पडद्यावरची मालिका जिथं संपते तिथं अझूला त्या जाळीपाशीच आहे. झुको राजा होतो आणि एका कोठडीत भेटीला जातो, ती बापाच्या; आई कुठं आहे हे विचारायला. शेवटी सगळे बा सिंग सेमधल्या आयरोच्या चहाच्या दुकानात जमतात. आयरो वाजंत्री वाजवतो. कटाराचा भाऊ सोका सगळ्यांचं चित्र काढतो आणि ते भयानक निघतं, सुकीच्या हातातून आग निघताना दाखवलीय, माय म्हणते मी पुरुष दिसतेय, झुकोला आपले केस पटत नाहीत. खिदळणं चाललंय. माय तिथं आहे, जिची ती मैत्रीण होती. झुको तिथं आहे. अझूलाचं नाव कुणी काढत नाही.

तिनं चांगलं व्हायला हवं होतं असं मला वाटत नाही. घाईनं सुधारलेली अझूला मला पटली नसती, आणि तिनं जे केलं त्याचा हिशेब एका मिठीत मिटत नाही. पण ज्या शहराला ६०० दिवस उपाशी मारायचा प्रयत्न केला त्याच शहरात आयरोला दुकान थाटता आलं, लोकांनी त्याच्या हातचा चहा घेतला, आणि ते मला दरवेळी योग्यच वाटतं. झुकोनं काकाला दगा दिला तरी काकानं तंबूत झोपेतून उठून त्याचं माफी मागणं पुरं व्हायच्या आत त्याला छातीशी धरलं, आणि म्हणाला की मी तुझ्यावर कधी रागावलोच नव्हतो, तू वाट चुकलास याची भीती वाटत होती. दुसरीही वाट चुकली होती. झुको सोळा वर्षांचा आहे, छातीवर तिच्या विजेची जखम ताजी आहे, अंगावर शंभर वर्षांच्या युद्धानं माखलेला देश पडलाय. त्यानं लगेच जाऊन बहिणीजवळ बसायला हवं होतं असं म्हणणं मला जड जातं. आयरोनं जायला हवं होतं, हे म्हणणं जड जात नाही.